गुण्याखाली नसलेला उजेड

एका मुलीबद्दल मी बरेच दिवस खोटं सांगत आलो आहे. तेही माइक हातात घेऊन, चांगल्या भरलेल्या सभागृहात.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे बनवणारा एक कारखाना आहे. झाकणं, डबे, मिक्सरची बॉडी असल्या वस्तूंचे मोल्ड तिथे तयार होतात. त्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे हे साचे घडवतात त्या विभागात, माझं आयुष्य गेलं. रिटायर झाल्यावरही आठवड्यातले तीन-चार दिवस मी डोंबिवलीहून तिथे जातो. घरी बसून मला करमत नाही आणि मला घरी बसलेलं बायकोला पाहवत नाही. अनुभवी माणूस म्हणून कॉलेजवाले मला अधूनमधून बोलावतात. विषय ठरलेला असतो: इंटर्नशिप म्हणजे काय आणि पुढे नोकरीधंद्यात तिचा उपयोग कसा होतो. मी शाल-नारळ घेतो आणि बोलतो.

बोलताना एक गोष्ट हमखास सांगतो. म्हणजे सांगायचो. "आमच्याकडे एक मुलगी इंटर्न म्हणून आली होती. तिला पहिल्या आठवड्यात मोल्ड डिझाइन करायचा होता. मी म्हटलं, आधी हा लोखंडाचा ठोकळा कानशीने सपाट करून दाखव. शेवटपर्यंत जमलं नाही. आता कुठल्या तरी ऑफिसात कानाला हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकते." मुलं हसतात. मग मी चिकाटीवर दोन वाक्यं बोलतो आणि टाळ्या पडतात.

ठोकळा सपाट झाला होता. आधी हे लिहून टाकतो, कारण बाकीचं लिहिताना हात आखडेल.

ती कल्याणची. खाडीकाठच्या कोळी कुटुंबातली. तिचे वडील पूर्वी खाडीत जाळं टाकायचे. खाडीत मासळी उरली नाही म्हणून नंतर टेम्पो चालवू लागले. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत ती आमच्याकडे दोन महिन्यांसाठी आली. कारखाना आता जुन्या मालकांची मुलगी बघते. आम्ही त्यांना मॅडम म्हणतो. मॅडमनी त्या मुलीसाठी चक्क वेळापत्रक केलं होतं. काही दिवस डिझाइनमध्ये, काही दिवस मशिनवर, काही दिवस तपासणीत, आणि बाकीचे माझ्याकडे. कोणी काय शिकवायचं तेसुद्धा ठरलेलं. मला सांगितलं, "काका, तुम्ही तिचे मेंटर." शिवाय, चांगली निघाली तर शेवटचं वर्ष झाल्यावर तिला टूलरूममध्ये घ्यायचं, हेही मला सांगितलं होतं. तिलाही ते माहीत होतं. तिच्या घरात पगाराची नोकरी करणारी ती पहिलीच ठरणार होती.

तो वेळापत्रकाचा कागद भिंतीवर लागलेला पाहिला आणि मी तो वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला.

मला कोणी शिकवलं नव्हतं. मी अप्रेंटिस होतो तेव्हा आमचे उस्ताद मशीन सेट करताना आमच्याकडे पाठ करून उभे राहायचे. आम्ही चहा आणायचा, लोखंडाचा कीस झाडायचा, त्यांची हत्यारं पुसून ठेवायची. ते जेवायला गेले की मशिनपाशी जाऊन चाकांवरचे आकडे बघायचे आणि पाठ करायचे. सापडलो तर कानाखाली बसायची. जे काही आलं ते मी असं चोरून मिळवलं, वर्षानुवर्षं. आणि हिला ते ताटात वाढून, वर लिंबाची फोड ठेवून मिळत होतं.

सगळ्यांनाच ती आवडायची. डब्यात सुक्या जवळ्याची चटणी आणायची आणि कागदावर सगळ्यांना वाढायची. आमचा ग्राइंडिंग मशीनवाला राजापूरकडचा. तो तर तिच्यावर खूषच होता. "इंटर्न कायमची ठेवा मॅडम," म्हणायचा, "आणि तिच्या आईलापण घ्या किचनमध्ये." ती त्याला दादा म्हणायची आणि मला सर. ती त्याला काहीही विचारायची. झाकण साच्यात का अडकतं, लोखंड तापलं की माप किती बदलतं. तो हातातलं काम टाकून सांगत बसायचा. त्यातली एकेक गोष्ट कळायला मला कितीतरी वर्षं लागली होती. राग मला तिचा येत होता की त्याचा, हे तेव्हा कळत नव्हतं.

एका दुपारी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. नव्या डब्याच्या साच्यातून डबे नीट सुटत नव्हते, ओरखडे पडत होते. मी आत गेलो तर ती मुलगी खुर्चीत बसलेली. त्या केबिनमध्ये मी जुन्या मालकांसमोर कायम उभाच राहिलो होतो. बसा असं ते कधी म्हणाले नाहीत आणि मीही कधी बसलो नाही.

मॅडमनी विचारलं, "काय वाटतं?" मी चष्मा पुसत होतो. बोलायच्या आधी चष्मा पुसायची मला सवय आहे. तेवढ्यात ती बोलली.

"मॅडम, साच्याच्या भिंतीला उतार कमी पडतोय असं वाटतं मला. काल दादांकडे तो जुना साचा बघायला गेलेले ना, त्याला जास्त उतार आहे. म्हणून तो सुटतो."

"काका, बरोबर आहे?"

बरोबरच होतं. मी नेमकं तेच सांगणार होतो.

"बघावं लागेल," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, "डिझाइन नंतर. आधी हात तयार झाला पाहिजे." आणि तिला ठोकळा दिला.

टूलरूममधली ही जुनी रीत. नव्या माणसाने लोखंडाचा ओबडधोबड ठोकळा व्हाइसच्या जबड्यात पकडायचा आणि कानशीने घासून सगळ्या बाजू सपाट, काटकोनात आणायच्या. मग उस्ताद त्याला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं पोलादी हत्यार, लावतो आणि ठोकळा खिडकीकडे धरतो. गुण्याच्या पात्याखालून उजेडाची बारीक रेघ दिसली, तर काम कच्चं. पुन्हा घास. यात मोजमाप लिहून ठेवायची पद्धत नाही. उस्तादाच्या डोळ्याला दिसलं ते खरं. आता खरं तर ही रीत कोणी पाळत नाही, सगळं मशीनच करतं. मी मॅडमना सांगितलं, पाया पक्का होतो. त्यांनी ऐकलं. म्हणाल्या, "तुम्ही म्हणताय तर."

तिने पहिल्यांदा ठोकळा आणला तेव्हा उजेड दिसत होता. मी प्रामाणिकपणे सांगितलं. दुसऱ्यांदाही होता, जरा कमी. तिच्या तळहाताला फोड आले. तिने त्यावर पट्ट्या लावल्या आणि पुन्हा घासायला लागली.

मग एका सकाळी तिने ठोकळा माझ्या टेबलावर ठेवला. मी गुण्या लावला. सगळ्या बाजू पाहिल्या, कोपरे पाहिले. कुठेही उजेड नव्हता. पात्याखाली मिट्ट काळोख. माझ्या स्वतःच्या पहिल्या ठोकळ्याला यापेक्षा कितीतरी जास्त दिवस लागले होते.

मी म्हणालो, "उजेड आहे."

"कुठे सर?"

"इथे. दिसत नाही तुला?"

तिने ठोकळा खिडकीपाशी नेला, तिरका करून पाहिला, एक डोळा मिटून पाहिला. "नाही दिसत, सर."

"हाच तर प्रॉब्लेम आहे," मी म्हणालो.

त्यानंतर तिने तो ठोकळा किती वेळा आणला ते आठवत नाही. दर वेळी मी खिडकीकडे धरायचो आणि दर वेळी परत द्यायचो. चांगली झालेली बाजू ती पुन्हा घासायची आणि बिघडवायची. मग खरंच उजेड दिसायला लागायचा आणि मला मोकळं वाटायचं. भिंतीवरच्या वेळापत्रकातले दिवस असेच उलटून गेले. शेवटच्या दिवशी तिने सगळ्यांना पेढे दिले. मलाही दिला.

मॅडमनी विचारलं, "घ्यायची का पुढच्या वर्षी?"

"कॉम्प्युटरवर बरी आहे," मी म्हणालो. "पण नजर नाही तिला. लोखंडातली नाही ती."

एवढंच. माझा शब्द टूलरूममध्ये शेवटचा असतो. तिला बोलावलं नाही.

घरी जेवताना मी बायकोला हे सांगितलं. जरा फुशारकीनेच सांगितलं. ती भाकरी थापता थापता थांबली. "एवढ्याशा पोरीवर जळलात होय?" म्हणाली आणि पुन्हा थापायला लागली. मी त्या दिवशी दुसरी भाकरी घेतली नाही.

त्यानंतर कॉलेजांतली भाषणं सुरू झाली आणि गोष्ट आपोआप तयार होत गेली. हेडफोनचा भाग मी टाळ्यांसाठी घातला. ग्राइंडरवाल्याकडून कानावर आलं होतं की तिला घोडबंदर रोडला कुठेशी कस्टमर केअरमध्ये नोकरी लागली आहे.

या वर्षी आमचा मोल्ड डिझाइन करणारा मुलगा बंगलोरला निघाला. मॅडम त्याची जागा भरायच्या विचारात होत्या. सहज म्हणाल्या, "ती कल्याणची मुलगी छान होती हो. नजर असती तर आज तीच बसली असती इथे." आणि उसासा टाकून पुढच्या कामाला लागल्या.

मी केबिनबाहेर आलो, परत आत गेलो, पुन्हा बाहेर आलो. मॅडम म्हणाल्या, "काका, काय हरवलंय?" तेव्हा मी ठोकळ्याचं सगळं सांगितलं. उभ्यानेच.

त्यांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाल्या, "मी तुम्हाला कधी क्रॉस-चेक केलं नाही. बाबांनी सांगितलं होतं, काकांना विचारायचं आणि तसं करायचं." पुढे म्हणाल्या, "जागा आहे. पण फोन मी करणार नाही. तुम्ही जा."

मी गेलो. माजिवड्यापासून पुढे रिक्षा मुंगीच्या पावलाने चालली होती. एरवी मी त्या ट्रॅफिकला शिव्या देतो, पण त्या दिवशी आणखी अडकावं असं वाटत होतं. तिच्या ऑफिसच्या इमारतीखाली चहाची टपरी होती. ती गळ्यात ओळखपत्र अडकवून खाली आली. "सर! इकडे कुठे?" म्हणाली आणि माझ्या आधी तिनेच दोन चहा सांगितले.

मी प्रस्तावना करायला लागलो. टूलरूमची परंपरा, आमचा काळ, वगैरे. ती ऐकत होती, घड्याळाकडे बघत होती. तिला ब्रेक थोडाच होता. शेवटी मी म्हणालो, "तुझा ठोकळा बरोबर होता. उजेड नव्हता."

"कधी?"

"त्या सकाळी, हाताला पट्ट्या लावून आणलेलास तेव्हा. आणि त्यानंतरही एक-दोनदा."

तिने चहाचा ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला. "सर, मी डोळे तपासून घेतले होते," ती म्हणाली. "तुम्हाला दिसतं आणि मला दिसत नाही म्हणून. डॉक्टर म्हणाले, नंबरच नाही. मग मी दुसऱ्या डॉक्टरकडे गेले. तेपण तेच म्हणाले. मग मला वाटलं, हे डोळ्याचं नाहीच. काही लोकांना असतं आणि आपल्याला नाहीये. नंतर कॅम्पसला दोन टूलरूमवाले आलेले. मी फॉर्मच नाही भरला."

मी इतके दिवस पोरांना सांगत आलो आहे की इंटर्नशिपमध्ये काम शिकायला मिळतं, ओळखी होतात, बायोडेटा वजनदार होतो. ते सगळं खरं आहे. पण त्या टपरीवर मला कळलं की शिकाऊ माणूस मुख्य म्हणजे एका गोष्टीसाठी येतो. आपण केलेलं बरोबर की चूक, हे जाणत्या माणसाकडून ऐकायला. घरात ते सांगणारं कोणी नसतं, पुस्तक ते सांगत नाही. त्या वयात जाणत्याने जे सांगितलं, तेच मूल स्वतःविषयी खरं धरून चालतं. मी तिला शिकवलं नसतं, नुसता चहा आणायला लावला असता, तरी तिचं एवढं नुकसान झालं नसतं.

"जागा आहे," मी म्हणालो. "मॅडम बोलावतायत."

"विचार करते." मग म्हणाली, "सर, तुम्ही माझं उदाहरण देता ना कॉलेजमध्ये? माझी मावसबहीण होती तिकडे कल्याणला. नाव नाही घेतलंत, पण तिला कळलं. घरी येऊन हसत होती."

मी चष्मा काढून पुसायला लागलो.

"ते बंद करू नका," ती म्हणाली. "नीट सांगा. आणि टूलरूममध्येपण सांगा सगळ्यांना, मी यायच्या आधी. नाहीतर मी नाही येणार."

चहाचे पैसेही तिनेच दिले.

कल्याणच्या कॉलेजातल्या सरांना मी फोन केला. ते म्हणाले, "अहो, ते उदाहरण मुलांना फार आवडतं हो! कशाला बदलता?" मी म्हटलं, ते खोटं आहे. ते लगेच म्हणाले, मिटिंगमध्ये आहे, नंतर बोलू. अजून बोलले नाहीत. म्हणून इथे लिहितो आहे.

टूलरूममध्ये मी जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. डबे उघडलेले होते. मला वाटलं होतं, सगळे थक्क होतील, कोणीतरी मला बोलेल. कोणीच मान वर केली नाही. ग्राइंडरवाला तेवढा म्हणाला, "काका, आम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं?"

"ठोकळा टेबलावर पडून असायचा की. मीपण लावून बघितला गुण्या. आम्हाला वाटलं, तुम्ही घडवताय तिला. आमच्या उस्तादाने मला असंच लटकवलेलं." त्याने भाताचा घास घेतला. "तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं. तुमच्यापुढे कोण बोलणार पण?"

ती आली. आता डिझाइनच्या टेबलावर बसते, आणि केबिनमध्ये खुर्चीत. मी जातो त्या दिवशी सकाळी मला "गुड मॉर्निंग सर" म्हणते. त्यात काही कमी-जास्त नसतं. विचारायचं असेल ते मात्र ग्राइंडरवाल्याला विचारते. दिवसातून चार वेळा त्याच्या मशिनपाशी उभी असते आणि मी माझ्या टेबलावरून बघत असतो. खोटं कशाला बोलू, अजूनही जळतोच. पूर्वी ती शिकते म्हणून जळायचो. आता माझ्याकडून शिकत नाही म्हणून जळतो.

मागच्या आठवड्यात तिने त्याला एका साच्यात तो थंड ठेवणाऱ्या पाण्याची वाट कुठून काढायची ते विचारलं. तो सांगत होता ते चुकत होतं. त्या जागी, तयार वस्तू बाहेर ढकलतो त्या खिळ्याचं भोक येणार होतं, दोन्ही एकमेकांना छेदली असती. मला ऐकू येत होतं. थोडा वेळ मी गप्प बसून राहिलो. कबूल करतो, त्या थोड्या वेळात मला बरंच वाटत होतं. मग उठलो, तिथे गेलो आणि म्हणालो, "तिथून नको. खिळा येतो तिथे. पलीकडून घे."

तिने ड्रॉइंगवर माझं बोट होतं ती जागा पाहिली. मग त्याच्याकडे वळली.

"दादा, बरोबर आहे हे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. बिचारा ओशाळला होता. ड्रॉइंग जवळ ओढून त्याने नीट बघितलं, सावकाश, आणि म्हणाला, "हो, बरोबर सांगतायत."

"थँक यू सर," ती म्हणाली आणि पेन्सिल उचलली.