रिकाम्या थाळीतला कापूर

नीरज, ईरा,

भुताखेतांच्या गोष्टी तुमची आई मला फोनवर पाठवते आणि मी त्या न वाचता पुसून टाकते. ज्याला साधी वजाबाकी जमत नाही त्याला भुतं दिसतात, असं माझं मत होतं... अजूनही आहे. तरी हे लिहून ठेवते. दुसऱ्या कुणी सांगितलं तर त्यात पांढरी साडी घुसेल.

निवृत्तीनंतर मी रोडपालीजवळच्या एका खासगी प्रयोगशाळेत सल्लागार होते. गेल्या वर्षी तिथे नवी जोडणी बसवली. नाजूक काट्यावरच्या थाळीत नमुना ठेवायचा, भट्टीत तापवायचा, आणि निघालेली वाफ गरम नळीतून गॅस क्रोमॅटोग्राफ आणि मास स्पेक्ट्रोमीटरकडे न्यायची. काटा सांगतो किती गेलं. पुढची यंत्रं सांगतात काय गेलं.

खंडेनवमीला सगळ्यांना यंत्राची पूजा हवी होती. वाफेचा कण न् कण ओळखणाऱ्या यंत्रापुढे कापूर जाळायचा — पदवीधर माणसं ही. मी बजावलं, झेंडू दारावर लावा, कापूर इमारतीतसुद्धा नको.

दुपारी रिकामी थाळी ठेवून चाचणी घेतली. दोन मिलिग्रॅमची घट. आणि पडद्यावर कापूर.

यंत्र सांभाळणारा हरेश जवळच्याच विचुंबे गावचा, दोन मुलींचा बाप. सकाळी हार त्यानेच आणला होता.

"मॅडम, मी नाय लावला. हार पन दारातच ठेवला."

"मग यंत्राने स्वतःची आरती केली?"

"तुमी नळी खोला ना. बगा."

खोलली. नळीच्या थंड कोपऱ्यात जुना माल अडकतो आणि पुढच्या चाचणीत बाहेर येतो, हे नवशिक्यालाही ठाऊक असतं. पण ही नळी कोरी होती. तरी धुतली, तापवली. पुन्हा कापूर.

व्यवस्थापक म्हणाला, "नोंदवहीत हरेशचं नाव लिहा मॅडम, त्याला काढतो. विषय संपला." यंत्र विकणाऱ्यांच्या इंजिनिअरने फोनवर विचारलं, जागेची वास्तुशांत केली होती का. हा इंजिनिअर म्हणे.

दसऱ्याला सुट्टी. हरेश घरी, किल्ली माझ्याकडे. मी एकटी गेले. पाकिटातून नवी थाळी काढली, दुसऱ्या काट्यावर तोलली, चिमट्याने भट्टीत ठेवली. घट दोन मिलिग्रॅम. कापूर. गार झाल्यावर थाळी पुन्हा त्या दुसऱ्या काट्यावर तोलली... शेवटच्या आकड्यापर्यंत तेवढीच. थाळीतून काहीच गेलं नव्हतं, आणि जे गेलं नव्हतं त्याचं नाव पडद्यावर होतं.

दुसऱ्या दिवशी आलेख स्वच्छ. पुढेही स्वच्छच.

नोंदवहीत शेवटचा रकाना 'कारण'. तो कोरा ठेवणाऱ्यांचे कागद मी आयुष्यभर परत पाठवले. व्यवस्थापक पेन पुढे करून उभा होता. हरेश दारावरचा सुकलेला हार काढत होता. एक गाठ सोडवायला फार वेळ लावत होता.

मी लिहिलं — 'माहीत नाही.' खाली पूर्ण सही.

"एवढ्या वर्षांच्या अनुभवानंतर हेच?" व्यवस्थापक हसला.

"हो. तुम्हाला तेवढंही लिहिता आलं नसतं."

हरेश अजून तिथेच आहे. आणि मला अजून माहीत नाही.

— आजी