शेवरलेटच्या पुढच्या सीटा

सत्यवान परबाचा कोणावर म्हणून विश्वास नव्हता, आणि ही गोष्ट तो लपवतही नसे. बांगडा घेताना कोळणीच्या तोंडासमोर त्याचा कल्ला उघडणार, वास घेणार, आणि तिने चार शिव्या हासडल्या की मगच निवांत मनाने पिशवीत टाकणार. स्वतःच्या बायकोने चहा पुढे केला तरी विचारणार, "दूद आजचा मां?" सुशीला बिचारी कपाळाला हात लावायची. "ह्यांका न्हेवक यम इलो तरी हे आधी तेचो हुकूम वाचून बघतले," असं ती शेजारणींना सांगायची, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

पण या संशयी माणसाने एक गोष्ट जिवापाड जपली होती. नाव. मालवण ते कणकवली त्याची टॅक्सी चाले. गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे, आणि तिकडची घड्याळं, सोनं, दारू कशाकशातून इकडे उतरे ते देव जाणे. गाडीवाला म्हटला की लोक डोळा मिचकावत. सत्यवानाकडे बघून मात्र कोणी डोळा मिचकावला नाही. तो उतारूच्या ट्रंका उघडून बघायचा, फणसालाही टिचक्या मारायचा. उतारू कुरकुरायचे आणि तरी त्याच्याच गाडीत बसायचे, कारण तपासणीच्या नाक्यावर ती गाडी कोणी अडवत नसे. शिपाई लांबूनच हात हलवून सोडायचे. तो हात हलला की सत्यवानाची छाती वीतभर फुगायची. गरिबाला दुसरं काय असतं हो!

गाडी होती युद्धाच्या आधीची शेवरलेट, सावंतवाडीच्या एका वकिलाकडून घेतलेली. इंजिन अजून खणखणीत, पण पुढच्या सीटांची पार रया गेलेली. चामडं तडकलेलं, आतले घोड्याचे केस बाहेर आलेले, आणि स्प्रिंगा अशा की मुंबईहून आलेल्या एका नवऱ्या मुलाची पँट नेमकी मांडवात शिरतानाच मागून फाटलेली दिसली. त्या दिवशी सत्यवानाने ठरवलं की सीटा नव्या करायच्या.

करायच्या कुठे? कोल्हापूरला कारागीर होते, पण गाडी तिथे सोडायची म्हणजे इंजिनातलं काय बदलून ठेवतील याचा नेम नाही. शेवटी सुशीलाच म्हणाली, "दाजीक इचारा. जाड कापडात सुई घालणारो तेच्याशिवाय दुसरो कोण आसा हय?"

दाजी मालवणच्या बंदरावर होड्यांची शिडं शिवायचा. किनाऱ्याला लागून त्याची झावळांची खोप, खाली चटई, आणि तळहाताला बांधलेला चामड्याचा तुकडा, जाड सुई रेटायला. बोलणं कमी. सीटा बघून म्हणाला, "शिवतंय. पण घाई करूची नाय."

सत्यवानाने काय करावं? सीटा देण्याआधी एकेका स्प्रिंगेला चुन्याचं बोट लावून खूण केली, बदलू नयेत म्हणून. मग गाडी बंद ठेवून तो खोपीतच येऊन बसला. दाजीने जुने बारके खिळे उपटले, फाटकं चामडं नीट सोडवलं आणि तेच मापाला धरून नवं रेक्झिन बेतलं. स्प्रिंगा सुतळीने उभ्या-आडव्या आवळल्या, त्यावर गोणपाट घातलं, त्यावर झोडून वाळवलेला काथ्या, मग कापूस. सत्यवान काथ्याचा वास घेई, दोरा दाताने ओढून बघे. दाजी एकदाच म्हणाला, "चावू नको रे, मेण लावलला आसा." बाकी सगळं त्याने सोसलं.

शेवटच्या दिवशी ड्रायव्हरच्या सीटेची एवढीशी शिवण राहिली, आणि दाजीने सुई खाली ठेवली.

"सत्यवाना, आता वायच भायर जा."

"कित्याक?"

"सांगतंय म्हणान. हाक मारीन तेव्हा ये."

झालं! बाहेर माडाखाली उभा राहून त्याने काय काय नाही आठवलं. दाजीची बहीण पेडण्याला दिलेली, म्हणजे गोव्यात. गेल्याच आठवड्यात तिचा नवरा येऊन गेला होता. हाक आली तेव्हा सीट शिवून तयार होती, आणि दाजी घाम पुसत होता.

सीटा बसल्या त्या झकास. उतारू खूश. पण पहिल्याच फेरीला सत्यवानाच्या डाव्या मांडीखाली काहीतरी टोचलं. सुपारीएवढं, टणक. त्याने हात घालून चाचपलं. होतंच. नाक्यावर शिपायाने नेहमीसारखा हात हलवला, पण आज सत्यवानाची छाती काही फुगली नाही. आपल्याच बुडाखाली सोनं घालून हा दाजी आपल्याच नावावर ते नाक्यापार करतोय, पलीकडे कोणीतरी रात्रीचं काढून घेत असणार, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. स्वतः उसवून बघावं, तर आत माल निघाला की हात लावणारा म्हणून अडकणार तोच. दाजीला विचारावं, तर चोर सावध होणार. सुशीला म्हणाली, "ओ, तेका इचारा तरी सरळ!" पण सरळ विचारायची सवय असती तर तो सत्यवान कसला?

तो कपडे बदलून बंदरावरच्या सरकारी कचेरीत गेला. साहेबासमोर त्याची मालवणी गळून पडली. "साहेब, माझ्या सीटमध्ये माल भरलेला आहे असा मला संशय आहे. सीट दाजीने शिवली आहे." आणि कोणी विचारलं नसताना पुढे म्हणाला, "त्याची बहीण गोव्यात असते."

साहेबाने वेळ घालवला नाही. माल हलायला नको म्हणून चार शिपाई त्याच क्षणी दाजीच्या खोपीवर धाडले आणि इकडे सीट उसवायला घेतली. काथ्यातून निघाली शिडाच्या कापडाची एक पुरचुंडी. साहेबाने ती टेबलावर सोडली. आत सुपारी, चार तांदूळ, आणि देवळातला अंगारा.

म्हातारा कारकून हसायला लागला. "अहो, ही शिड शिवणाऱ्यांची रीत. जिथे माणूस आपला जीव सोपवून बसतो तिथे शेवटच्या टाक्याआधी देवाला गाऱ्हाणं घालून पुरचुंडी ठेवतात. मालकाने ते बघायचं नसतं, एवढंच."

सत्यवानाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो धावतच खोपीवर गेला, पण तिथलं आटपलं होतं. शिवायला आलेली सगळी शिडं वाळूत उलटीपालटी पडलेली, चटईसुद्धा बाहेर, आणि सगळं बंदर बघायला जमलेलं. शिपायांना काही मिळालं नव्हतं.

"काय एक गावला नाय," कोणीतरी म्हणालं.

"गावतला कसा? आधीच हलवल्यान आसतलो."

नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. होड्या समुद्रात जायच्या, शिडं लागणार. आणि होड्या चालवणारे तांडेल एकेक करून आले, आपापलं शीड खांद्यावर टाकून मुकाट घेऊन गेले. दाजीच्या हातचं शीड दिसलं की सरकारी लाँच होडी अडवणार, ही धास्ती. वर्षाची कमाई त्या एका हंगामावर. दाजी रिकाम्या खोपीत सुई घेऊन बसून राहिला.

सत्यवान त्याच्या पाया पडायला गेला. दाजीने पाय मागे घेतले.

"माका काय सांगतंस? माका ठावक आसा मी काय केलंय ता. तांडेलांका सांग."

मग सत्यवान निघाला. जन्मात ज्याने कोणासाठी शब्द टाकला नव्हता, तो उसवलेल्या सीटेवर गोणपाट टाकून गावोगाव फिरला. प्रत्येक तांडेलाला तेच सांगायचा, दाजी सोन्यासारखा माणूस, चूक माझी, पुरचुंडी मी डोळ्यांनी बघितली. लोक ऐकून घेत, विडी पुढे करत, आणि दुसरं बोलणं काढत.

शेवटी तो तोंडवलीला बाबली तांडेलाकडे गेला. बाबली त्याचा लहानपणचा सोबती. तो नक्की ऐकेल असं सत्यवानाला वाटत होतं. बाबली होडीला तेल लावत होता. त्याने सगळं ऐकलं आणि हात पुसले.

"सत्यवाना, बापसावर पण तुझो कधी इस्वास नव्हतो. आणि आज दाजीसाठी पेट्रोल जाळून हयसर इलंस." बाबलीने डोळा मिचकावला. "खरा सांग. तुझो हिस्सो कितको?"

बाबलीच्या जागी सत्यवान असता, तर त्यानेही हेच विचारलं असतं.