दाजींचं इमान

हिंगोली जिल्ह्यात ज्या ज्या वस्तूला चाकं आहेत, त्या प्रत्येक वस्तूला आमच्या दाजींनी कधी ना कधी रंग दिलेला आहे. ट्रॅक्टर, टेम्पो, काळीपिवळी जीप, लग्नातल्या बँडची गाडी, दवाखान्यातली चाकाची खुर्ची, काय वाट्टेल ते. एकदा पोळ्याच्या आदल्या दिवशी एका हौशी माणसानं त्यांच्यासमोर बैलजोडी आणून उभी केली. "याला चाकं न्हाईत," म्हणून दाजींनी आधी साफ नकार दिला आणि मग शिंगं अशी काही चमकवून दिली की ते बैल म्हणे पाणी पिताना हौदात स्वतःलाच बघत थांबायचे. नात्यानं हे माझे थोरले साडू. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. पण बायको त्यांना दाजी म्हणते, सगळं सेनगाव दाजी म्हणतं, म्हणून मीही दाजीच म्हणतो. तर एवढं सगळं रंगवून झाल्यावर माणसानं गप पारावर बसावं की नाही? बासष्टाव्या वर्षी, गुडघे कुरकुरायला लागल्यावर, दाजींनी घरामागच्या पत्र्याच्या शेडात विमान बांधायला घेतलं.

खेळण्यातलं नव्हे, माणूस बसेल असं. पाईपाचा सांगाडा, लाकडाच्या फासळ्या आणि वरून ताणून बसवलेलं कापड. मी हिंगोलीच्या एका शाळेत कारकून होतो. जन्म गेला दुसऱ्यांच्या जन्मतारखा आणि दुसऱ्यांचे गुण लिहिण्यात, त्यामुळे लोकांच्या भानगडीत नाक खुपसायची सवय हाडात मुरलेली. विमानाची बातमी कानावर आली आणि मला चैन पडेना. दुसऱ्याच दिवशी स्कूटर काढली, सेनगाव गाठलं आणि दारातूनच विचारलं, "दाजी, काहून?"

दाजींनी पाईप घासता घासता वर बघितलं. म्हणाले, "बाकी समदं रंगवून झालं की. रंगवायला काही उरलंच न्हाई. मंग म्हटलं, आपणच बनवावं."

आता यावर काय बोलणार? मी पुढं वर्षानुवर्षं तोच प्रश्न वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या बाजूनं विचारून पाहिला. कधी म्हणत, "सिद्धेश्वर धरण वरून कसं दिसतं ते बघायचंय." कधी म्हणत, "एस.टी. टायमावर येत न्हाई." खरं उत्तर कोणतं, की एकही नाही, याचा थांग मला लागला नाही. गावातले लोक विमानाला 'इमान' म्हणत, आणि दाजींचं त्या वस्तूवर जे प्रेम होतं ते पाहता तोच शब्द बरोबर होता.

अडचण होती अक्काची. सांगाडा उभा राहिला त्या दिवशी तिनं स्वयंपाकघरातून ठणकावून सांगितलं होतं, "मला पांढरं कपाळ करून घ्यायची हौस न्हाई. त्या शेडात मी पाऊल टाकणार न्हाई, आन् ते भुईवरून उचललं तर मी धाकटीकडं निघून जाईन." धाकटी म्हणजे माझी बायको, तेव्हा या भांडणात माझाही एक खोलीपुरता संबंध होता. दाजीही वस्ताद. त्यांनी सगळ्यांसमोर शपथ घेतली की अक्का शेडात येऊन, डोळ्यांनी बघून, स्वतःच्या तोंडानं 'बरंय' म्हणत नाही तोवर चाक जमीन सोडणार नाही. सरकारी परवानगीसाठी त्यांची पत्रं चालूच होती. पण त्याची त्यांना फिकीर नव्हती. "दिल्लीवाले काय, आज न्हाई तं उद्या देतील. घरची परवानगी अवघड हाय," असं म्हणायचे आणि स्वयंपाकघराच्या खिडकीकडं बघायचे. वर्षं जात राहिली. खिडकी कधी उघडी असायची, कधी बंद, पण अक्का काही बाहेर यायची नाही.

तरी विमानाच्या नादात घरातली एकही वस्तू सुटली नाही. कापड सांगाड्यावर चिकटवलं की त्याच्यावरून बेतानं गरम इस्त्री फिरवायची, मग ते आकसून ढोलकीसारखं ताठ होतं. त्यासाठी अक्काची इस्त्री गेली ती गेलीच. दाजींच्या ठेवणीतल्या सफारीला दोन वर्षं तांब्यात निखारे घालून इस्त्री होत होती. मग कापड फासळ्यांना शिवायचं होतं. दाजींनी दाभण घेऊन हातभर तुकडा शिवला आणि नमुना म्हणून उंबऱ्यावर नेऊन ठेवला. अक्कानं भाकरी थापता थापता नुसती नजर टाकली. "टाके लांब पडले. गोधडीलासुद्धा कोणी इतके दूर घालत न्हाई." बस्स, एवढंच. दाजी शेडात आले आणि अख्खा पंख उसवून पुन्हा शिवायला बसले. तीन आठवडे लागले. मी म्हणालो, "दाजी, ती रागानं बोलली असंल." तर म्हणतात कसे, "रागानं बोलली, पण बराबर बोलली."

पण खरा तमाशा रंगाचा. ज्या माणसाची सगळी कीर्ती जाड, आरशासारख्या चकाकत्या रंगावर उभी, त्याच्यावर पातळ रंग मारायची वेळ आली. कारण विमानावर मारलेला रंग विमानालाच उचलून न्यावा लागतो. दाजींनी किराणा दुकानातून जुना वजनकाटा आणला आणि रंगाचा डबा काम सुरू करण्याआधी किती भरतो, नंतर किती, असं मोजायला लागले. कुठं जरा ओघळ दिसला की "हे बघा, पावशेर उगाच चढून बसलं," म्हणून हळहळायचे. इकडं गावाला वाटलं, एवढी मोठी पांढरी जागा मोकळी का सोडायची? टेम्पोच्या मागं लिहितात तसं काहीतरी पाहिजेच. कोणी म्हणे 'मातृपितृ कृपा' लिहा, कोणी म्हणे तालुक्याचं नाव घाला, एका पुढाऱ्याला शेपटीवर स्वतःचा फोटो पाहिजे होता. दाजींनी त्यांना शांतपणे विचारलं, "फोटो मिशीसकट का बिनमिशीचा? मिशीला रंग जास्ती लागतो." पुढारी पुन्हा फिरकले नाहीत. शेवटी रंगाचं वजन कुठून तरी वळतं करायचं म्हणून दाजींनी स्वतःची दुसरी भाकरी सोडली. त्यावरून घरात जे झालं ते इथं सांगत नाही.

रंग मारायचा तो मिरगाच्या आत. हवेत ओल आली की रंगावर पांढुरकी साय धरते म्हणे. म्हणून गेल्या मे महिन्यात रोज सकाळी ऊन तापायच्या आत काम चालायचं. शेडाच्या चारी बाजूंना ओली पोती टांगलेली, भुईवर पाण्याचा सडा, दाजींच्या अंगात जुना रेनकोट, नाकातोंडावर रंगाचा मुखवटा आणि डोक्याला अक्काच्या जुन्या लुगड्याचा पदर. कॉम्प्रेसर धडधडायला लागला की मी कोपऱ्यात, नाकाला रुमाल लावून, हलायचंसुद्धा नाही अशा अटीवर उभा. आधी चांदीसारखा कोट. तो शोभेचा नाही, उन्हानं कापड खाऊ नये म्हणून. रंग मारताना दाजींचं मनगट वळत नसे. रंगाच्या फवाऱ्याची गन वीतभर अंतरावर धरून अख्खा माणूस पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचा, श्वास धरून. मागच्या पट्ट्याच्या निम्म्यावर पुढचा पट्टा. सत्तरी ओलांडलेलं ते कुरकुरतं शरीर त्या वेळी पाण्यावरून चालल्यागत जायचं. मी आयुष्यात पुष्कळ माणसं काम करताना पाहिली, पण इतकं सुंदर काही पाहिलं नाही.

पांढऱ्याचा पहिला कोट झाला आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर विमान पिवळसर! शेजारच्या शेतवाल्या चाचांचा हळद घासून पॉलिश करायचा लोखंडी ढोल फिरत होता आणि वाऱ्यानं सगळी भुकटी शेडात आली होती. गावभर झालं, "इमानाला हळद लागली, आता वरात कधी?" दाजी तणतणत चाचांकडं गेले. चाचा जुने दोस्त. त्यांनी ढोल बंद केला आणि हसत हसत बघायला आले. "क्या दाजी, दुल्हा तो गोरा है, पण लगीन कोणासंग लावून राहिले?" मग तेही माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसायला लागले. ढोल आठ दिवस बंद राहिला, कारण ढोलापेक्षा इथं मजा जास्ती होती.

पिवळं घासून काढलं, पुन्हा पांढरा मारला. सगळं विमान दुधासारखं उतरलं. फक्त दाराच्या बाजूला, बसायच्या जागेलगत, रंग धरेना. ओला रंग मागं सरकायचा आणि आतली चांदी डोकावायची. दाजींनी वाळू दिलं, घासलं, पुन्हा मारला. पुन्हा तेच. जवळ जाऊन बघितलं तर खळगे असेतसे नव्हते. ओळीनं पाच, आणि खाली एक रुंद डाग. सरळ सरळ हाताचा पंजा.

"तेलकट हात लागलाय," दाजी म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी दोन्ही हात पाठीमागं घेतले. परवा मी तिथं बसून भजी खाल्ली होती हे खरं. पण विमानाला हात? देवाशप्पथ नाही. कोण ऐकतंय! माझा हात त्या डागाजवळ धरायला लावला. माझा मोठा निघाला. चाचांचा धरला, तो तर खोऱ्याएवढा. मग दाजींनी पांढरं फडकं थिनरमध्ये बुडवून एका बोटाच्या खुणेवर दाबलं. फडकं पिवळं झालं.

"ये मेरी हळद न्हाई," चाचांनी लगेच हात झटकले आणि फडकं नाकाशी नेलं. "दाजी, इसमें मेथी है, राई है. ये तो अचार है."

दाजींनी वास घेतला आणि माझ्याकडं फडकं दिलं. मी घेतला. मागच्या आठवड्यात आम्ही दोघं थिनर आणायला हिंगोलीला गेलो होतो, त्या दिवशी घरी अक्काचं कैरीचं लोणचं चाललं होतं. कॉम्प्रेसर कोणीतरी बंद केला. दाजी फडकं हातात घेऊन हळूहळू स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

"अगं, हात दाखव बरं."

"काहून?" अक्कानं हात पदराखाली घेतला.

"दाखव की."

"खराब झालं का?" ती एकदम म्हणाली, आणि आवाज इतका पडला होता की मी मान खाली घातली. "मी नुसता हात लावला होता, अवो. थंड लागतं का गरम, ते बघून राहिले होते. इतकी वर्षं तुमी तिथं काय करता म्हणून..."

"न्हाई. काही खराब झालं न्हाई," दाजी म्हणाले. ज्या माणसानं एका ओघळासाठी अख्खी शेपटी खरवडून काढली होती, तो हे म्हणाला.

मग अक्का आली. उंबरा ओलांडून, अंगण ओलांडून, पदर सावरत शेडात आली. चाचा खुर्चीवरून उठून उभे राहिले. अक्कानं विमानाला एक फेरा घातला. पंखाखालून वाकून गेली, फासळीवरचे टाके जवळून बघितले, शेपटीला बोट लावायला गेली आणि मागं घेतलं. दाजी तिच्या मागं मागं, मुखवटा कपाळावर चढवलेला, निकालाच्या दिवशी पोरं शाळेच्या फळ्यासमोर उभी राहतात तसे. आता ती 'बरंय' म्हणणार की नाही, एवढंच आम्ही तिघं ऐकत होतो. ती दाराशी थांबली, टाचा उंचावून आत डोकावली.

"आन् मी कुठं बसू?" ती म्हणाली.

प्रत्येक 'काहून'ला ज्यांच्याकडं दोन-दोन उत्तरं तयार असायची, त्या दाजींनी कपाळावरचा मुखवटा काढून हातात घेतला. मीही त्या क्षणी पहिल्यांदा नीट आत बघितलं. खुर्ची एकच होती. अक्का कधी येणारच नाही, हे त्यांनी पहिल्या दिवशीच धरून टाकलं होतं, आणि विमान त्याच मापाचं बांधलं होतं.

त्या पंजावर त्यांनी पुन्हा रंग मारला नाही. तेल काढून टाकणं त्यांना एका सकाळचं काम होतं. विमान तसंच चादर पांघरून शेडात उभं आहे.

परवा सहज गेलो. शेडात दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडलेल्या, एकीवर अक्का मांडी घालून तुरीची डाळ निवडत बसलेली, आणि दाजी गुडघ्यांवर रांगत तिच्याभोवती खडूनं रेघ मारताहेत. "हलू नको," म्हणून दटावताहेत. मी म्हणालो, "दाजी, हे तयार आहे की. परवानगी आली तर यातच एक चक्कर मारून घ्या."

"एकट्यानं?" दाजी म्हणाले, आणि खडू उचलून पुढं सरकले.

एका जागेच्या त्या विमानाला नऊ वर्षं लागली होती, आणि दाजी आता एकाहत्तरचे. दोन जागांच्याला किती लागतील, हे अगदी जिभेवर आलं होतं. मी गिळलं.

"जरा रुंद धरा," अक्का डाळीतून मान वर न काढता म्हणाली. "मला मांडी घालून बसायची सवय हाय."

दाजींनी तळहातानं रेघ पुसली आणि चार बोटं बाहेरून दुसरी मारली.