फळ्यावरचं नाव

‘बाळू’ अशी हाक मारली की तो वळायचा नाही. जिन्याखाली बसून लोकांच्या स्टोव्हचे बर्नर पिनने टोकरत राहायचा. आमची घाटकोपरची चाळ खट, मुद्दाम हाका मारून गंमत बघायची. शेवटी कोणीतरी कंटाळून ‘योहान’ म्हणायचं आणि तो लगेच मान वर करायचा, “हां, काय झाला?”

तो बाळकृष्ण होता तेव्हापासून मी त्याला ओळखत होते. मालवणकडचा, गिरणीतला. संपात गिरणी गेली आणि त्याने बाटली धरली. त्याची बायको सुमन तापाने गेली, तेव्हा हा गुत्त्यावर उताणा पडला होता. पोरांनी उचलून आणला, पण उभं राहता येईना. अग्नी त्याच्या थोरल्या भावाने, दाजींनी दिला. दाजी म्हणजे आमच्या चाळकमिटीचे अध्यक्ष, त्यांच्यापुढे कोणी बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर बाळूने विचारलं, “सुमन खंय आसा?”

वर्षभराने गिरणीतला एक जुना सोबती त्याला मुलुंडच्या ख्रिस्ती प्रार्थनामंडळीत घेऊन गेला. मग एका रविवारी तो ओल्या केसांनी माझ्या दारात उभा.

“बाई, मनोरीच्या दर्यात बुडी मारून इलंय. बाळगो थयच ऱ्हवलो. आता माका योहान म्हणा.”

मी हसले. “दर्यात नावं बदलून मिळतात होय रे?”

तो हसला नाही. “बायकोक जाळूक गेलो नाय, तो बाळगो. त्येचा नाव माझ्या अंगावर नको.”

मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

दारू खरंच सुटली. पण चाळीला बेवडा बाळू चालत होता, शुद्धीतला योहान चालेना. त्याचा चहाचा कप वेगळा झाला. माझ्याही घरात झाला, सासूबाईंनी केला आणि मी चालू दिला. गणपतीत दाजींनी त्याला उंबऱ्याबाहेर थांबवलं. तेव्हा म्हणाला, “बाटली घेऊन येय तेव्हा घरात घेयत. आता मोकळ्या हातान इलंय तर भायर.” रागाने नाही, नवल वाटल्यासारखा म्हणाला.

मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तरीण. अक्षर बरं, म्हणून चाळीच्या दारातला फळा माझ्याकडे. पाण्याची वेळ, लग्नं, मयत, सगळं मीच लिहायची. एकदा माझा स्टोव्ह परत देताना तो म्हणाला, “बाई, मी मेलंय की फळो तुमीच लिवतालात. योहान लिवा. आणि माका पुरूक सांगा, जाळूक नको.”

“आधी मर तर खरा!” मी म्हटलं. तो तसाच उभा राहिला, तेव्हा म्हटलं, “लिहीन रे बाबा. सांगेनही.”

दारू सुटली तरी लिव्हर आधीच गेलं होतं. दोन वर्षांत तो संपला. सकाळी मुलुंडची माणसं लाकडी पेटी घेऊन आली. दाजी जिन्यात आडवे उभे राहिले. “आमचा माणूस आहे. आमच्या पद्धतीने जाईल.”

मंडळीचे पाळक माझ्याकडे वळले. “बाई, शेवटची इच्छा तुम्हाला सांगितली आहे, असं ते म्हणायचे.”

सगळी चाळ माझ्याकडे बघत होती. दारात सासूबाई होत्या.

“बोला ना बाई,” दाजी म्हणाले. “की तुम्हीपण बाटलात?”

मी म्हणाले, “मला काही बोलला नाही.”

दाजींनी माझ्या हातात खडू दिला. मी ‘कै. बाळकृष्ण’ लिहिलं, ठसठशीत, वळणदार. तिरडी उतरली तेव्हा मुलुंडची माणसं चाळीपुढच्या उताराच्या कडेला रिकामी पेटी घेऊन उभी होती, हळू आवाजात गात होती. त्यांच्यातलं कोणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पुढे मी फळ्याचं काम सोडलं. हात दुखतो, असं सांगितलं. हाताला काही झालं नव्हतं. ज्या नावापासून तो जीव घेऊन पळाला, तेच नाव लावून मी त्याला, सुमनला जिथे नेलं त्याच स्मशानात पाठवलं होतं.