जसं हाय तसं हलवायचं

कोल्हापुरात कॉम्प्युटर आले ते माझ्या थोरल्या वहिनींची परवानगी घेऊनच आले असणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. शाहूवाडीच्या भातखाचरांतून लग्न होऊन त्या मंगळवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत आल्या, तेव्हा बारावी झालेल्या होत्या आणि टायपिंग येत होतं, बस्स. पण टायपिंगच्या क्लासवाल्यानं मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर त्यांनी रिक्षात मांडीवर घेऊन घरी आणला आणि चहासुद्धा न घेता त्याचे स्क्रू काढून आत डोकावल्या. मी ओरडलो, तर म्हणाल्या, "आत काय हाय ते बघितल्याबिगर मी कुणाला घरात घेत न्हाय, भावजी." मग त्यावर लग्नपत्रिका, अर्ज, बायोडेटा टाइप करता करता त्या अख्ख्या गल्लीच्या कॉम्प्युटर डॉक्टर झाल्या.

त्या यंत्राला त्या अहो-जाहो करायच्या. "त्यांना आज बरं न्हाय," "त्यांना उकडतंय, पंखा लावा," असं स्वयंपाकघरातून ऐकू आलं की दादा बिचारा खूश व्हायचा आणि पंखा मात्र कॉम्प्युटरकडे वळायचा. मशीनवरचं झाकण आईच्या जुन्या नऊवारीचं. स्क्रू ठेवायला फोडणीचा जुना डबा, मोहरीच्या वाटीत बारीक आणि जिऱ्याच्या वाटीत लांब. हा डबा खऱ्या डब्याशेजारीच असल्यामुळे एकदा माझ्या आमटीत स्क्रू निघाला. मी तो रागारागानं ताटाच्या कडेला ठेवला, तर वहिनींचा चेहरा उजळला. "द्या इकडं! दोन दिस शोधतोय मी." कोल्हापुरी बायका 'शोधतोय'च म्हणतात, आणि स्क्रू चावून माझा दात गेला असता तरी त्या हेच म्हणाल्या असत्या.

एका शब्दाचा मात्र त्यांना भयंकर राग होता. तो म्हणजे 'फॉरमॅट'. त्या काळी कॉम्प्युटर शिंकला तरी गावातले समस्त जाणकार "फॉरमॅट मारा" एवढंच औषध सांगत. म्हणजे सगळं पुसायचं आणि विंडोज पहिल्यापासून टाकायची. वहिनी कडाडायच्या, "पावणा शिंकला म्हणून घर पेटवता व्हय?" त्यांचा नियम एकच. जे आहे ते, जसं आहे तसं, मुळासकट उचलून न्यायचं.

या नियमाची खरी परीक्षा झाली ती आई गेली त्या वर्षी. आमच्या विहाराची समिती एप्रिलमधल्या जयंतीला स्मरणिका काढणार होती, आणि वस्तीतल्या म्हाताऱ्या बायकांच्या आठवणी टाइप करायचं काम वहिनींकडे होतं. आईनं इचलकरंजीत मागावर कांड्या भरताना चाळिसाव्या वर्षी सही कशी शिकली, ते त्यांना चार दुपारी बसून सांगितलं. वहिनींनी ते आईच्या तोंडचं, शब्दाला शब्द टाइप केलं. त्यानंतर महिन्याभरात आई गेली. आणि जयंतीला तीन आठवडे उरलेले असताना कॉम्प्युटरची हार्ड डिस्क टक-टक वाजायला लागली. एकही पान छापलेलं नव्हतं. आमच्या त्या जुन्या मराठी अक्षरांच्या प्रोग्रॅमची फ्लॉपी तर केव्हाच खराब झालेली. विंडोज नव्यानं टाकली असती तर तो प्रोग्रॅम परत मिळाला नसता, आणि आईचं बोलणं पडद्यावर नुसत्या मुंग्यांसारखं दिसलं असतं.

वहिनींनी नवी, दसपट मोठी डिस्क आणली. रविवारी सकाळी पदर खोचून बसल्या. "चिखल तयार झाल्याबिगर तरवा उपटायचा न्हाय," म्हणाल्या. भाताची रोपं काढण्याआधी खाचर तयार लागतं, तशी आधी नवी डिस्क तयार करायची, मग जुनीतली विंडोज, प्रोग्रॅम आणि आई, सगळं एकदम तिच्यावर न्यायचं, असा बेत होता. आता एका वायरवर दोन डिस्क जोडायच्या तर मागची इवलीशी टोपी हलवून एकीला 'मास्टर' करायचं आणि दुसरीला 'स्लेव्ह', म्हणजे गुलाम, ही त्या धंद्यातली रीत. मी पुस्तकातून वाचून दाखवलं मात्र, वहिनींच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला.

"ह्या घरात कोण कुणाचा गुलाम न्हाय."

"अहो वहिनी, तसं नुसतं म्हणतात!"

"म्हणायचं बी न्हाय. आत्तींचं बोलणं गुलामाच्या पाठीवर लादू व्हय मी?" सासूला त्या आत्तीच म्हणायच्या.

आणि त्यांनी दोन्ही डिस्का मास्टर केल्या! बटण दाबलं. पडदा काळा. जुनी डिस्क टक-टक-टक वाजली आणि मग तेही थांबलं. माझं डोकंच फिरलं. "घ्या! तुमच्या तत्त्वापायी आईचं बोलणं गेलं!" मी ओरडलो, आणि ओरडताक्षणी मला माझीच लाज वाटली. ताप बघतात तसा वहिनींनी जुन्या डिस्कवर तळहात ठेवला. "तापल्यात. जरा निवू द्या." समोरचा चहा थंड झाला, जेवणवेळ टळली, तरी त्या हलल्या नाहीत. एकीची टोपी हलवून तिला स्लेव्ह केलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं, पण ते त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही.

बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "भावजी, दोन जावांचं एका चुलीवर पटंना, तर काय करतात?"

"काय?"

"येगळी चूल मांडून देतात की!"

त्यांनी सीडीच्या खणाची वायर उपसली आणि नवी डिस्क तिच्यावर जोडली. दोघी आपापल्या वायरीवर मास्टर, कुणी कुणाची गुलाम नाही. पडदा उजळला, दोघी दिसल्या. नक्कल करणारी फ्लॉपी घातली, आणि कुठून कुठं न्यायचं ते त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं, कारण उलटं झालं तर भरल्या शेतावर रिकामं शेत पसरणार होतं. टक्के चढू लागले. वहिनी माहेरचं लावणीचं गाणं गुणगुणत होत्या. साठ टक्क्यांवर जुनी डिस्क पुन्हा टक-टक करू लागली, तशा त्या वाकून तिला म्हणाल्या, "दमानं, आत्ती. थोडंच ऱ्हायलंय." मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

शंभर झाले. जुनी काढली, नवी तिच्या जागी लावली. विंडोज आली. तेच चित्र, चिन्हं त्याच वाकड्या रांगेत, आणि रोज सकाळी हटकून येणारी ती चुकीची सूचनाही आली. वहिनींनी टाळीच वाजवली, "आली की ती बी! मागं काय ऱ्हायलं न्हाय!" मग आईची फाइल उघडली, आणि आई बोलायला लागली.

समितीचे चिटणीस म्हणाले, भाषा जरा शुद्ध करून घ्या. वहिनी म्हणाल्या, "पावणं, अख्खं मशीन हलवलं तरी आत्तींचा शब्द हलला न्हाय. आता तुमच्यासाठी हलवू?" जयंतीला स्मरणिका निघाली तेव्हा मी पहिल्या रांगेत बसून, ओळख नसलेल्यांनाही सांगत होतो, त्या आमच्या वहिनी.

पुढं किती मशीन बदलली, आणि प्रत्येक वेळी वहिनींनी आईला अलगद पुढच्या घरी नेलं. आता त्यांची बोटं आखडतात. टायपिंग मी करतो आणि त्या शेजारी बसून माझ्या चुका काढतात. परवा मी कोरी फाइल उघडली आणि म्हणालो, "वहिनी, आता तुमचं सांगा. पहिल्यापासून."

त्या गडबडल्याच. पदर सारखा केला, पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "माझ्यात काय हाय सांगण्यासारखं, भावजी?"

मी पहिली ओळ म्हणून तेच टाइप केलं. शब्दाला शब्द.