दोन मिनिटांचा धडा

खुर्सीपार या पोलाद कारखान्याच्या कामगारवस्तीत आमच्या शाळेसमोर एका बाईचं झेरॉक्सचं दुकान होतं. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. कागदांची चळत कानाजवळ फडफडवून मगच ती मशीनमध्ये घालायची.

साथीत शाळा बंद असताना मी फोनवर धड्यांचे लांब व्हिडिओ पाठवायचो आणि मुलं पाहत नाहीत म्हणून चिडायचो. एकदा ती म्हणाली, “सर, व्हिडिओ कावून पाठवून राहिले? फोन बापासोबत प्लांटात जाते. घरी येते तवा नेट संपलं असते. दोन मिनिटं बोला अन् आवाज पाठवा. तुमचा आवाज तर तसाही भट्टीपर्यंत जाते!”

फोनमधला फुकटचा रेकॉर्डरही तिनेच दाखवला. मुलं धडे ऐकू लागली.

त्याबद्दल माझा सत्कार झाला, तेव्हा मी ती माझी योजना म्हणून सांगितली. मानपत्र लॅमिनेट करायला तिच्याकडेच नेलं. तिने ते पूर्ण वाचलं, अंगठ्याने कोपरा सपाट केला आणि म्हणाली, “आता बाकी मास्तरांलेही शिकवा, सर.”

मी शिकवलं, तेही स्वतःच्या नावावर. आज कोहक्यापासून रसमड्यापर्यंत शिक्षक असे धडे पाठवतात आणि माझं नाव घेतात. ही रीत त्या झेरॉक्सवाल्या बाईची आहे. मी तिचा विद्यार्थी होतो, आणि याचा मला त्या मानपत्राहून मोठा अभिमान आहे.