भाच्याच्या अल्बमात मामा नाही

पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात त्रिंबकमामांची ख्याती अशी, की पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाची मिरची वर काढल्याशिवाय ते भाव बोलत नाहीत. घरात चहा न मागता समोर आला, तरी विचारतात, "आज काय पाहिजे?"

या संशयी स्वभावावर त्यांच्या भाच्यानं, परमेश्वरनं, रॅप केलं. गडी जालन्यात राहतो. त्यानं एकट्याच्या नावावर पहिला अल्बम काढला, त्यात एक गाणं होतं, 'तळ दाखव मामा'. ते हळदीच्या डीजेवर गेलं आणि मामांना बाजारात फिरणं मुश्किल झालं. पोरं पोतं उपडं करून विचारायची, "मामा, दिसला का तळ?" मामांनी भाच्याला बजावलं, "पुन्हा माझं नाव घेतलं, तर मला मामा म्हणू नको."

आता दुसरा अल्बम आला. मामांनी दार लावून सगळी गाणी ऐकली. मामा कुठंच नाही. त्यांना वाटलं, कार्ट्यानं घाईघाईच्या बोलण्यात कुठंतरी लपवलं असणार. लेकीकडून, तृप्तीकडून, गाण्याचा वेग निम्मा करून घेतला. परमेश्वर रेड्यासारखा रेकायला लागला, पण मामा काही निघाला नाही.

बाजारात वेगळाच कालवा. "ह्या टायमाला बिलकुल मजा न्हाई," कारभारी अडत्या म्हणाला. "मामा, तुम्हीच दाबलं ना त्याला?" गाण्यांखालच्या कमेंटांतही तेच. मामा कुठंय?

"मुद्दाम वगळलं," रात्री जेवताना मामा बायकोला म्हणाले. "अल्बम पडंल अन् बोल मला लागंल, असा डाव हाय त्याचा."

"का तुम्हाला मामा म्हणायचंच सोडलं त्यानं?" कडूबाई सहज बोलून गेल्या.

मामांचा घास हातातच राहिला. एकुलत्या बहिणीचं एकुलतं पोर. त्यांनी उष्ट्या हातानंच फोन लावला.

"मला काहून काढलं रे?"

"तुम्हीच म्हणले व्हते, मामा."

"अन् तू ऐकलं? आजवर कधी ऐकलं व्हतं?"

परमेश्वर हसला. "रागावलो न्हाई हो. अल्बम पडला तर पडला. तुमची तब्येत बरी हाय ना?"

मामांनी फोन ठेवला. मग उठून पिशवीत कपडे कोंबायला लागले.

"लई गोड बोलून राह्यला."

"मंग आता कुठं निघाले?"

"सकाळी जालन्याला. फोनवर माणसाचं तोंड दिसत न्हाई."